नळाचं पाणी आणि हृदयाचा ठोका

नंदनवनातल्या दवाखान्यांत आपण 'रिंगर लॅक्टेट'ची सलाईन पाहतो. हा रिंगर म्हणजे लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर. 1882 साली त्यांनी मांडलं, की बेडकाचं हृदय कॅल्शियमविना, साध्या क्षारांच्या पाण्यावर चालतं. पण ते पाणी होतं नळाचं! डिस्टिल्ड वॉटर वापरलं, तर ठोके मंदावत थांबले. कॅल्शियम घातलं, तर परत आले. 1883 मध्ये त्यांनी हे स्वतःच जाहीर केलं. आपले नैयायिक यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात: कारण असलं तर कार्य, नसलं तर नाही. पुढे 1960च्या दशकात कॅट्झ आणि मिलेडी यांनी दाखवलं, की मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरलं, तरच निरोप पुढच्या पेशीकडे जातो. तेव्हा 'नुसतं पाणी' म्हणून आपण काय काय वगळतो, हे तपासायलाच हवं.