अवकाश : आभाळातला आणि चित्रातला

आठवीत चित्रकलेच्या तासाला आपल्याला विषय मिळाला होता, ‘अंतराळातील सफर’. आठवतंय? जवळजवळ सगळ्यांनी एकच चित्र काढलं होतं : काळं आभाळ, पिवळ्या चांदण्या, कडंवाला शनी आणि दिवाळीतल्या रॉकेटसारखं यान. मीही तेच काढलं. सरांनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाले, “सगळं आहे गं, पण अवकाश कुठंय?” मला वाटलं, काळा रंग कमी पडला. घरी जाऊन त्यावर आणखी एक हात मारला.

या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला पंचवीस वर्षं लागली.

अंतराळ रंगवण्याची एक रीत आम्हा इंजिनिअर मंडळींना चटकन पटणारी आहे. अमेरिकेतले चित्रकार चेस्ली बोनस्टेल हे मुळात वास्तुरचनेच्या आणि सिनेमाच्या पडद्यांच्या कामातले. शनीच्या टायटन या उपग्रहावरून शनी किती मोठा दिसेल, कोणत्या कोनात दिसेल, याचं गणित मांडून त्यांनी चित्र काढलं. १९४४ साली ‘लाइफ’ मासिकात त्यांची अशी चित्रं छापून आली, तेव्हा लोकांना ती जणू तिथे जाऊन काढल्यासारखी वाटली. त्यातलं टायटनचं आभाळ निळं होतं. १४ जानेवारी २००५ रोजी ‘हायगेन्स’ यान खरोखरच तिथे उतरलं, तेव्हा दिसलं नारिंगी धुकं. गणित बरोबर असूनही आभाळ चुकलं होतं.

दुसरी रीत आपल्याच मुलखातल्या माणसाची. प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करणं हे तिथलं काम. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला याच नोकरीने त्यांना वाराणसीला नेलं. तिथे पाहिलेल्या तांत्रिक प्रतीकांची छाप त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर आहे. मुंबईला परतल्यावर ती हळूहळू मागे पडली आणि घड्याळ, पान, शिंपला, फळ, ढग अशा साध्या वस्तू आल्या.

बरव्यांनी ग्रह-तारे रंगवण्याचा ध्यास घेतला नव्हता. तरीही त्यांच्या कॅनव्हासवर वस्तूंचं वजन गेलेलं असतं. जमीन नाही, क्षितिज नाही. पान घड्याळाएवढं, सावली वस्तूपासून सुटलेली. समीक्षक याला अतिवास्तववादाच्या जवळचं म्हणतात. मला ते यानातल्या तरंगत्या सामानासारखं वाटतं.

हे घडायचं कसं? आधी डायरीत. वर्षानुवर्षं ते डायऱ्या लिहीत आले. त्यांत रेखाटनं, सुचलेले शब्द, एकाच वस्तूचे वेगवेगळे आकार. मग कॅनव्हास, आणि त्यावर इनॅमल रंग. आपण दारं-खिडक्यांना लावतो तोच. हा रंग आपोआप सपाट बसतो, कुंचल्याचे फटकारे उरत नाहीत. त्यामुळे मागची जागा भिंतीसारखी न दिसता नुसती मोकळी वाटते. दोन वस्तूंमध्ये किती अंतर ठेवायचं, हाच खरा निर्णय. या विचारावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०).

१९९५च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, आपण गच्चीवर एक्स-रेची फिल्म डोळ्यांपुढे धरून सूर्यग्रहण पाहिलं होतं. त्यानंतर दीड महिन्याने, ६ डिसेंबरला, बरवे गेले. आपण दहावीच्या सराव परीक्षांत गुंतलो होतो. मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर गेली आणि मी इंजिनिअरिंगला.

२०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं आणि डायऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’. एका शनिवारी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडून गेले. चौथ्या सीटवर अर्धी टेकून, दोन्ही बाजूंनी दाबली जात. तासाभराने त्या चित्रांपुढे उभी राहिले आणि सरांचा प्रश्न एकदम समजला. आभाळ, चित्रातली मोकळी जागा आणि सवड, तिन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, अवकाश. माझ्या आठवीतल्या चित्रात यातलं एकही नव्हतं. कागद काठोकाठ भरला होता. पुढची वर्षंही मी तशीच भरली : ठाण्याचं ऑफिस, डेडलाइन, मुलीचे क्लास.

त्या दिवसापासून रविवारी सकाळी तासभर चित्राला बसते. अजून नीट जमत नाही; हात सवयीने मोकळी जागा भरायला धावतो.

सर, संमेलनाला तुम्ही येताय असं कळलं. तोच विषय पुन्हा काढलाय. वही घेऊन येते.