खाडीत होडी नेताय? मोबाइलवर मार्ग आखण्याआधी भरती-ओहोटी पाहा

भिवंडी : काल्हेर, कशेळीकडून होडी सोडली की उल्हास नदीची खाडी नागला बंदर, घोडबंदर, भाईंदर करत वसईजवळ समुद्राला मिळते. २०१६ च्या कायद्याने हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये आला. आता बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये सागरी नकाशाचं ॲप असतं. पण स्क्रीनवरची रेघ सरळ दिसली म्हणून तिथे पाणी असेलच असं नाही. ओहोटीत होडी गाळात बसली तर भरतीची वाट बघत कित्येक तास अडकून पडावं लागतं. म्हणून मार्ग आखताना हा क्रम ठेवा.

१) आधी वेळ ठरवा
जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमीला ८ चे पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. हा फक्त अंदाज. नक्की वेळ आणि उंची भरतीच्या तक्त्यात पाहा. तक्ता मुंबईचा असेल तर खाडीत आत भरती उशिरा पोहोचते. किती उशिरा, ते गावातल्या जाणत्या मच्छीमारांना विचारा.

२) खोलीचा हिशोब करा
नकाशातला आकडा जवळपास सर्वात खालच्या ओहोटीच्या वेळची खोली सांगतो. त्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवा. नकाशात ०.५ मीटर आणि भरती २.३ मीटर असेल, तर पाणी २.८ मीटर. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीत उघडी पडते. गाळ आणि रेती सरकत राहते, त्यामुळे मोजणी कोणत्या सालची आहे तेही बघा.

३) मग टप्पे टाका
'ओपन सीपीएन'सारखं सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळतं. वळणावर, पुलाजवळ, उथळ जागेच्या अलीकडे एकेक खूण म्हणजे 'वेपॉइंट' टाका. मग नकाशा मोठा करून प्रत्येक रेघ तपासा. पुलाखाली उलटा हिशोब असतो : भरती जितकी जास्त, तितकी वर जागा कमी.

४) प्रवाह धरून वेळ काढा
१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला एक सागरी मैल म्हणजे १ नॉट. होडीचा वेग ६ नॉट आणि प्रवाह २ नॉट असेल, तर १२ सागरी मैलांना प्रवाहासोबत दीड तास, प्रवाहाविरुद्ध तीन तास. डिझेलही त्याच हिशोबाने घ्या. परतीची भरती चुकणार नाही ना, ते निघण्याआधीच बघा.

५) गेलेली वाट जपून ठेवा
होडी सुखरूप गेली तो 'ट्रॅक' तारीख आणि भरतीच्या उंचीसह सेव्ह करा. पुढच्या वेळी तो उपयोगी पडेल. मात्र पावसाळ्यानंतर पुन्हा खोली तपासल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका.

निघताना : नकाशा आधीच डाउनलोड करा, कारण खाडीत रेंज जाते. पॉवर बँक, प्लास्टिकची पिशवी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच. कुठून निघालो, किती वाजता पोहोचणार हे घरी सांगून ठेवा. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

ॲप वाट दाखवतं, पण पाणी किती आहे ते बांबू टाकून किंवा दोरीला वजन बांधून स्वतः मोजायची सवय सोडू नका.