वक्त्यांच्या यादीतली एक बाई

परवा आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर भागातल्या डॉक्टरांच्या एका परिषदेची कार्यक्रमपत्रिका हाती आली. वक्ते अकरा, त्यात बाई एक. विषय अर्थातच गरोदरपण. दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंतचं सूत्रसंचालन मात्र दोन लेडी डॉक्टरांकडे! यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणालाच वाटलं नसणार. सवयच आहे आपल्याला. पण ही सवय आली कुठून?

१८८१ साली लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. पाश्चर, लिस्टर, कॉख असे दिग्गज हजर होते. पण स्त्री डॉक्टरांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता. पदवी असली तरी नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, बंगालमधल्या सेरामपूरला एक मराठी मुलगी भाषणाला उभी राहिली. आनंदीबाई जोशी. माहेर कल्याणचं, म्हणजे आमच्या उल्हासनगरला अगदी खेटून. वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायला अजून महिना होता. कॉलेजच्या सभागृहात, इंग्रजीतून, त्यांनी लोकांच्या सहा प्रश्नांना उत्तरं दिली. अमेरिकेला का जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? काही विपरीत घडलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करतेस?

वाळीत पडायची भीती त्या काळी पुरुषांनाही होती. पण 'एकटी का' हा प्रश्न खास बाईसाठीच. म्हणजे मंच मिळाला, तोही आधी स्वतःची सफाई द्यायला. वैद्यकावर बोलायची वेळ नंतर आली, ती १८८६ च्या प्रबंधात. विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक कागदावरच राहिली.

त्याच १८८३ साली एडिथ पेची मुंबईत आल्या आणि पुढे कामा हॉस्पिटलची धुरा त्यांच्याकडे आली. इथल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नसत, म्हणून बायकांसाठी बायकांनी चालवलेलं हॉस्पिटल. या गरजेनेच स्त्री डॉक्टरांना जागा मिळाली. १९२८ साली त्याच कामाच्या अधीक्षक झाल्या डॉ. जेरुशा झिराड, आपल्या बेने इस्रायली समाजातल्या. मुंबईतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रसूतिशास्त्राच्या व्यासपीठावर त्यांना कुणी 'तुम्ही कशा?' असं विचारलं नसेल, कारण ते व्यासपीठ उभारण्यात त्यांचाच हात होता.

पण गोम इथेच आहे. ज्या दारातून बायका आत आल्या, त्याच खोलीत त्यांनी थांबावं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. हर्निया, हाडं, मेंदू यांवर बोलायला पुरुष, आणि बाळंतपणावर बाई.

मग कुणीतरी म्हणतं, "अहो, बायका पुढे येत नाहीत." आनंदीबाई तर १८८३ सालीच पुढे आल्या होत्या की! वक्त्यांची यादी आपोआप होत नाही, चार माणसं बसून ती ठरवतात. ज्या चौघांच्या ओळखी, त्यांचीच नावं. शस्त्रक्रिया करणारी बाई आपल्याच गावात असते, पण यादी करताना आठवत नाही.

आता सहा नकोत, एकच प्रश्न पुरे. तो बाईला नाही, त्या चौघांना विचारायचा: तिला कधी फोन केला होता का?