डिव्हिलियर्स : एका आडनावाचा प्रवास

क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणाऱ्या तुमच्या घरच्या पोरांना डिव्हिलियर्स हे नाव काही नवे नाही. दक्षिण आफ्रिकेचा ए. बी. डिव्हिलियर्स आपल्याकडच्या मैदानांवरही खेळून गेला. पण हे आडनाव मूळचे आफ्रिकेचे नव्हे, ते फ्रान्सचे.

शब्द जरा फोडून पाहा. फ्रेंच भाषेत ‘द’ म्हणजे ‘चा’, आणि ‘व्हिलिये’ म्हणजे वाडी, वस्ती. या नावाची कितीतरी गावे फ्रान्समध्ये आहेत. आपण गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो ना, तसलाच हा प्रकार. व्हिलियेकर म्हणा हवे तर!

मग हे व्हिलियेकर आफ्रिकेच्या टोकाला पोचले कसे? त्याचे कारण धर्मच्छळ. फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंट लोकांना ह्यूगनॉ म्हणत. चौथ्या हेन्री राजाने १५९८ साली नांतच्या फर्मानाने त्यांना उपासनेची मोकळीक दिली होती. १६८५ साली चौदाव्या लुईने ते फर्मान रद्द केले. त्यांची प्रार्थनामंदिरे पाडली, धर्मोपदेशकांना हाकलले. बाकीच्यांनी मात्र पंथ सोडायचा, देश सोडायचा नाही, असा हुकूम निघाला. तरीही सुमारे दोन लाख माणसे चोरवाटांनी बाहेर पडली. पुष्कळ जण हॉलंडला गेले.

तिथल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने पूर्वेकडे येणाऱ्या गलबतांना भाजीपाला नि पाणी मिळावे म्हणून १६५२ साली केपला ठाणे वसवले होते. तिला हवे होते शेतकरी. १६८८-८९च्या सुमारास दीडशे-दोनशे ह्यूगनॉ तिकडे गेले. त्यांतच ला रोशेल भागातले पिएर, आब्राहाम आणि जाक द व्हिलिये हे तीन सख्खे भाऊ होते. १६८९च्या मे महिन्यात त्यांचे ‘झायन’ जहाज केपला लागले. या तिघांना द्राक्षमळ्याचे काम उत्तम येते, असे कंपनीच्या पत्रातच लिहिलेले होते. जिथे मळे फुलले, त्या खोऱ्याला पुढे फ्रान्सहुक, म्हणजे फ्रेंचांचा कोपरा, हे नाव पडले.

पण गंमत पाहा. कंपनीने या लोकांना मुद्दाम डच शेतकऱ्यांमध्ये मिसळून वसवले आणि शाळेत डच भाषाच ठेवली. दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच बोली विरली. व्हिलियों या आडनावाचे फिल्यून झाले, क्रोन्येचे क्रोनिए झाले. द व्हिलिये हे लिहिण्यात टिकले, उच्चारात पालटले. १९२१ साली आफ्रिकान्स भाषेतल्या राष्ट्रगीताला चाल लावली, ती एम. एल. द व्हिलिये यांनी. फ्रेंच आडनाव, पण गाणे त्या नव्या भाषेचे!

श्रोतेहो, गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच राहील. हे मळे ज्या जमिनीवर उठले, तिथे आधी खोईखोई लोकांची गुरे चरत होती. आणि मळ्यांत राबायला कंपनीने गुलाम आणले होते. त्यांतले कितीतरी बंगालचे, मलबारचे, कोरोमंडल किनाऱ्याचे, म्हणजे आपल्याच देशाचे. त्यांची नावे दप्तरात कशी लिहीत? ‘अमुक व्हान बेंगाले’, म्हणजे अमुक बंगालचा. कुणाला महिन्याचेच नाव: सप्टेंबर, फेब्रुवारी. व्याकरणाने पाहिले तर ‘द व्हिलिये’ आणि ‘व्हान बेंगाले’ एकच. पण पहिले नाव त्या भावांचे स्वतःचे होते. दुसरे धन्याने लावलेले, आणि त्याखाली माणसाचे आईबापांनी ठेवलेले नाव पुसले गेलेले. बेंगालेची आंजेला ही बाई १६६६ साली गुलामीतून सुटली, पुढे लग्न करून संसाराला लागली. आज कित्येक गोरी आफ्रिकानर घराणी तिच्याच वंशातली आहेत. तिचे मूळ नाव मात्र कुठल्याच घराण्याला लागले नाही.

गुरुजी, उद्या वर्गात नकाशा उघडाल तेव्हा ला रोशेलहून केपकडे एक रेघ ओढा, आणि बंगालहून केपकडे दुसरी. मग मुलांना विचारा, आडनाव कुणाचे टिकते आणि कुणाचे पुसले जाते? उत्तर द्यायची घाई नको. मुलांनाच बोलू द्या.