कुत्र्याचं खाद्य घरात कसं ठेवायचं? डबा देखणा हवाच, पण पिशवी फेकू नका

बुऱ्हाणपूर : आपल्याकडे शहरात काय आणि पलीकडे रावेर, भुसावळ, जळगावात काय, आता बऱ्याच घरांत कुत्र्यासाठी तयार सुकं खाद्य आणलं जातं. कंपनी कुठलीही असो, बोलताना सगळे त्याला 'पेडिग्री'च म्हणतात. पिशवी मात्र जिन्याखाली नाहीतर गॅलरीत, तोंडाला रबर लावून पडलेली असते. दिसायलाही बरी दिसत नाही आणि खाद्यही लवकर खराब होतं. दोन्ही गोष्टी एकदम सुधारता येतात, त्याचीच ही माहिती.

खाद्य खराब का होतं?

सुक्या दाण्यांवर चरबीचा थर असतो, त्याच वासावर कुत्रा खातो. हवा आणि उष्णता लागली की ही चरबी खवट होते. ओल लागली की बुरशी धरते. साधारण २७ अंशांच्या आत खाद्य चांगलं राहतं, असं अमेरिकेचा अन्न व औषध विभाग सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि जून लागला की हवेत दमटपणा येतो. म्हणजे मार्च ते सप्टेंबर जास्त जपावं लागतं.

बुरशीला हलक्यात घेऊ नका. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागातल्या आदिवासी गावांत अवेळी पावसाने भिजलेला मका घरात साठवला गेला. त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार झालं. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी साचलं आणि शंभरहून जास्त लोक गेले. त्याच घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही तशीच आजारी पडून मेली. हे विष यकृतावर जातं आणि भाजून-शिजवून पूर्ण जात नाही. म्हणून 'टाकण्यापेक्षा कुत्र्याला घाल' म्हणत बुरशी आलेली भाकरी किंवा किडका मका त्याच्यापुढे ठेवू नका. आपल्याला जे चालत नाही, ते त्यालाही चालत नाही.

पहिला नियम : पिशवीसकट डब्यात

दाणे डब्यात ओतून पिशवी कचऱ्यात टाकायची, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. पिशवीला आतून चरबी धरून ठेवणारा थर असतो. शिवाय बॅच नंबर आणि वापराची तारीख तिच्यावरच असते. डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीचं खाद्य अफ्लाटॉक्सिनमुळे परत मागवावं लागलं, त्या वेळी ७० हून जास्त पाळीव प्राणी दगावल्याची नोंद झाली. आपल्या घरातलं खाद्य त्यातलं आहे का, हे पिशवीवरचा नंबर पाहूनच कळत होतं.

म्हणून पिशवीचं तोंड वरून दुमडा, आतली हवा दाबून काढा, चिमटा लावा आणि पिशवीसकट डब्यात उभी करा. ओतायचंच असेल, तर नंबर-तारखेचा तुकडा कापून डब्याला बाहेरून चिकटवा.

डबा कोणता घ्यावा?

* स्टीलची कोठी : सगळ्यात चांगली. वास धरत नाही आणि उंदीर कुरतडू शकत नाही. ३ किलोच्या पिशवीला साधारण १० लिटरची आणि १० किलोला ३० लिटरच्या आसपासची कोठी लागते.
* तेलाचा पत्र्याचा डबा : झाकण बसवून रंगवला तर झकास दिसतो. रंग फक्त बाहेरून लावा. आतलं तेल गरम पाण्याने आणि साबणाने पूर्ण काढा, नाहीतर तेच खवट होतं.
* चिनी मातीची बरणी : बिस्किटं आणि खाऊसाठी छान. लोणच्याची जुनी बरणी नको, वास जात नाही.
* काचेची बरणी : दिसते सुंदर, पण उजेडात चरबी लवकर बिघडते. कपाटाच्या आतच ठेवा.
* प्लास्टिकचा डबा : अन्नासाठीचा आणि घट्ट झाकणाचा असेल तर चालेल. रंगाची रिकामी बादली कधीच नको.
* तांब्या-पितळेचे जुने डबे : शोभेला ठेवा. कल्हई नसेल तर आत खाद्य नको.

शोभा आणायची ती बाहेरून

आपल्या गावात यंत्रमागाचं कापड सहज मिळतं. मांजरपाटाची खोळ शिवून कोठीवर चढवली, वर कुत्र्याचं नाव भरतकामात काढलं, की दिवाणखान्यातही डबा खटकत नाही. केळीच्या खोडाच्या धाग्यापासून जिल्ह्यातल्या बचत गटांच्या महिला वस्तू बनवतात. अशी टोपली मिळाली तर स्टीलचा डबा तिच्या आत बसवा. नुसत्या टोपलीत खाद्य ठेवलं तर मुंग्या आणि ओल दोन्ही शिरतात.

जुन्या घरातलं भिंतीतलं फडताळ यासाठी फार सोयीचं आहे. वरच्या खणात पट्टा आणि ब्रश, मधल्या खणात बिस्किटं, खाली कोठी. फक्त पावसाळ्यात भिंतीला ओल येत नाही ना, ते आधी बघा. बसायची लाकडी पेटी असेल तर तिच्यातही कोठी उभी राहते.

जागा कुठली?

घरातली सगळ्यात थंड, कोरडी आणि अंधारी जागा. पत्र्याखालचा माळा, ऊन येणारी गॅलरी आणि गॅसच्या शेजारची जागा टाळा. कूलरजवळही नको, त्याची हवा ओली असते. डबा जमिनीपासून वीतभर उंच पाटावर ठेवा. मुंग्या येत असतील तर पाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. सुकं खाद्य फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर ओल धरते.

गव्हाचे उपाय इथे नकोत

गव्हाला, तांदळाला आपण बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या टिकड्या लावतो. ते धान्य आपण धुऊन, पाखडून घेतो. कुत्र्याचे दाणे मात्र तसेच पोटात जातात, त्यामुळे त्यात यातलं काहीही घालू नका. सल्फासच्या गोळ्या असलेल्या खोलीत तर खाद्य नेऊसुद्धा नका, त्याचा वायू जीवघेणा असतो. उंदीर येतात म्हणून डब्याशेजारी विष ठेवण्यापेक्षा डबा घट्ट ठेवा. उंदराच्या मुतातून कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि तो घरातल्या माणसांनाही लागू शकतो.

किती आणायचं?

२० किलो वजनाचा कुत्रा दिवसाला साधारण पाव किलो ते ३०० ग्रॅम सुकं खाद्य खातो. म्हणजे १० किलोची पिशवी त्याला सव्वा महिना पुरते. ५ किलोच्या छोट्या कुत्र्याला ३ किलोच महिनाभर जातं. त्याच्यासाठी स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी घेतली तर शेवटचं खाद्य खवटच होणार. उघडलेली पिशवी महिना-सव्वा महिन्यात संपेल, एवढीच आणा आणि उघडल्याची तारीख पिशवीवर लिहा.

डब्यातलं ओलं खाद्य उघडल्यावर झाकणाच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. घरी शिजवलेलं चिकन-भात उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नका.

साफसफाई आणि ओळख

नवीन पिशवी जुन्या चुऱ्यावर ओतू नका. आधी डबा साबणाने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि गार झाल्यावरच भरा. मापाला वेगळी वाटी ठेवा, कुत्र्याचं ताट डब्यात बुडवू नका. खाद्य काढल्यावर हात धुवा.

जुन्या तेलासारखा वास, दाण्यांवर पांढरी-हिरवी बुरशी, गुठळ्या, किडे किंवा जाळी दिसली तर सगळी पिशवी टाकून द्या. नुसता वरचा भाग काढून उपयोग नाही. खाल्ल्यावर कुत्रा सुस्त झाला, उलट्या करू लागला किंवा हिरड्या-डोळे पिवळे दिसले, तर घरगुती उपायात वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. जाताना खाद्याची पिशवी सोबत असू द्या, डॉक्टर सगळ्यात आधी तीच मागतील.