७५० पैकी २८२

७५० पैकी २८२. टक्के काढा. सदतीस पूर्णांक सहा. असा कागद आज एखाद्या मास्तरापुढं ठेवला तर तो म्हणेल, पोरगं काठावरचं आहे, कुठंतरी कामाला लावा.

हे गुण १९०७ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला पडले.

आता कागदावर जे नाही ते वाचू. परळच्या चाळीत एकच खोली, तिच्यात सगळं बिऱ्हाड. संस्कृत शिकायचं होतं; अस्पृश्याला ते कोण शिकवणार? फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागचे डबे उचलायला सवर्ण पोरं धावली. भाकरी बाटेल म्हणून. गुणपत्रिकेत याला रकाना नव्हता.

पण तो कागद आपल्या माणसांनी बरोबर वाचला. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र पोराच्या हातात ठेवलं.

मार्कांच्या आधी दार येतं, हे विसरू नका. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार पोराला आत घेतलं नाही. त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. एकट्यासाठी सगळ्यांचं मन दुखवायला सरकार धजलं नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत विद्यापीठ निघालं. जो दारातच अडला, त्याला नापास करायचीही गरज पडली नाही.

आणि २८२ वाल्याचं पुढं काय झालं? कोलंबियात एम. ए. मग लंडन. तिथं रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी परत धाडला. त्यानं पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. काठावरचं पोरगं!

हे जुनं झालं म्हणता? २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्सवर अहवाल दिला. तोंडी परीक्षेत परीक्षक जात काढतात, असं दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी समितीला सांगितलं. लेखी पेपरावर नुसता नंबर असतो. तोंडीला मात्र आडनावच समोर बसतं.

परीक्षा बंद करा असं आपण म्हणत नाही. शिकल्याशिवाय आपल्याला गत्यंतर नाही, आणि शिकलेलं तपासलंच पाहिजे. पण मेरिट, मेरिट म्हणून कुणी तोंडावर कागद फेकला, तर त्याला एवढंच विचारा : बाबा, पोरगं पोचलं कुठं ते मोजलंस, निघालं कुठून ते कधी मोजणार?