बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत

ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी 1796 साली डेव्हिड किनब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढले. दुर्बिणीतील उभ्या धाग्यावरून तारा केव्हा सरकला, हे घड्याळाचे ठोके ऐकत नोंदवायचे, असे त्याचे काम होते. त्याची नोंद मॅस्केलिन यांच्यापेक्षा 0.8 सेकंद उशिराची येई. साहाय्यकाने काहीतरी सदोष पद्धत धरली आहे, असे त्यांना वाटले. पुढे 1820च्या सुमारास बेसेलने निरनिराळ्या खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा काळजीपूर्वक वेध घेणाऱ्यांतही असा फरक सातत्याने राहतो असे दिसले. किनब्रुकला त्याचा उपयोग झाला नाही. तो 1802 मध्येच वारला होता.

या विलंबाचे तुकडे पाडण्याची युक्ती हॉलंडमधील डोंडर्स याने 1868 साली मांडली. आधी एकाच संकेताला एकच प्रतिसाद द्यायचा आणि वेळ मोजायचा. मग दोन संकेत, दोन प्रतिसाद. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा केली की उरतो तो ओळखण्याचा आणि निवडण्याचा काळ. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, एवढीच ती युक्ती.

तिचा उपयोग मला अलीकडे चिखलीत (जि. बुलढाणा) झाला. माझ्या भाच्याने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक एका डब्यात बसवून नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र बनवले होते. नव्या टीव्हीवर मारिओ खड्ड्यात पडे. बटण दाबल्यानंतर उडी उशिरा येई. घरच्यांचे मत एकच: तुझी बोटे मंद! किनब्रुकवर आलेला आळ तो हाच.

मूळ यंत्रे इतकी चपळ का होती, याचे उत्तर त्यांच्या गरिबीत आहे. 1977च्या अटारी 2600 मध्ये स्मृती केवळ 128 बाइट. संपूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. म्हणून पिक्चर ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावरून सरकत असतानाच यंत्र एकेक ओळ तयार करून देई. 1983चे निन्टेंडोचे फॅमिकॉम अधिक संपन्न होते, पण तेही चित्र ओळीओळीनेच पाठवी. आपल्याकडच्या टीव्हीवर झोत सेकंदाला 50 वेळा पडदा रंगवी, म्हणजे एका फेरीला 20 मिलिसेकंद. टीव्ही चित्र साठवून ठेवत नसे. येईल तसे दाखवी. अर्थात तेव्हाही विलंब शून्य नव्हता. खेळ सहसा एका फेरीत एकदाच बटणे तपासत असे आणि परिणाम पुढच्या फेरीत दिसे.

आता स्मृती स्वस्त झाली आणि प्रत्येक टप्प्यावर चित्र थांबू लागले. जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली पूर्ण चित्र तयार करून बाजूला ठेवते. पडद्याच्या तालाशी जुळवताना ते पुन्हा थांबते. मग टीव्ही ते ताणतो, साफ करतो, त्यासाठी आणखी एखादे चित्र रोखून धरतो. सेकंदाला 60 चित्रांच्या हिशेबाने एक चित्र थांबले की 16.7 मिलिसेकंद गेले. त्यात बटणांची भर: संगणक यूएसबी जोडणीकडे पुष्कळदा दर 8 मिलिसेकंदांनीच चौकशी करतो.

दोष शोधण्यासाठी मोबाइलचा सेकंदाला 240 चित्रे टिपणारा कॅमेरा पुरतो. बोट आणि पडदा एकाच चौकटीत घ्यायचे, बटण दबल्यापासून उडी सुरू होईपर्यंतची चित्रे मोजायची. 30 चित्रे आली तर 125 मिलिसेकंद. बोटांच्या मंदपणाचा प्रश्न येथेच निकाली निघतो, कारण मोजणी बटण दबल्यानंतर सुरू होते. मग डोंडर्सची वजाबाकी: टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करून पुन्हा मोजा. नंतर बिनतारीऐवजी तारेचा कंट्रोलर, नंतर पडद्याशी ताल जुळवणे बंद. भाच्याच्या यंत्रात सर्वांत मोठा फरक ‘गेम मोड’ने पडला, म्हणजे ज्या डब्यावर आम्ही संशय घेत होतो तो बराचसा निर्दोष होता.

डोंडर्सवर एक आक्षेप पुढे घेतला गेला: एक टप्पा काढला तर उरलेले टप्पे तसेच राहतात कशावरून? येथेही तो लागू आहे. ताल जुळवणे बंद केले की विलंब घटतो, पण चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसते. शिवाय बटण चित्राच्या आरंभी दबले की शेवटी, यानेच जवळजवळ 17 मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर किमान वीस वेळा मोजून सरासरी काढावी.